नवजात बाळाच्या शुश्रूषेसाठी कर्मचाऱ्यांना कसे तयार करावे: खान्देशातील प्रसूतिकक्षांसाठी मार्गदर्शन

नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण देशात २००९ पासून दिले जात आहे. ते घेतलेल्या परिचारिका जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत काम करीत आहेत. तरीही रात्री दोन वाजता न रडणारे बाळ जन्माला आले की अनेक ठिकाणी हात अडखळतात. यात त्या परिचारिकेचा दोष नसतो. श्वास देण्याची पिशवी, म्हणजे आपण जिला अंबू बॅग म्हणतो ती, वापरण्याचे कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांतच कमी होऊ लागते. आणि ज्या ग्रामीण रुग्णालयात महिन्याला तीस-चाळीस बाळंतपणे होतात, तिथे एकेका सिस्टरवर ती पिशवी प्रत्यक्ष हातात घेण्याची वेळ वर्षातून मोजक्याच वेळा येते. जे काम क्वचित करावे लागते आणि करावे लागले की एका मिनिटात करावे लागते, ते जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या वर्गात एकदा शिकून आयुष्यभर पुरत नाही. त्याचा सराव प्रसूतिकक्षातच, ड्युटीचा भाग म्हणून व्हायला हवा, आणि तो करणाऱ्या माणसाला लागणारे साहित्य, वेळ व आधार रुग्णालयाने द्यायला हवा. तालुक्याच्या आणि उपजिल्हा रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकारी, अधिसेविका आणि प्रसूतिकक्षाच्या इंचार्ज सिस्टर यांनी ही व्यवस्था कशी उभी करावी, ते येथे मांडले आहे.

आधी पाहावे, मग शिकवावे

प्रशिक्षणाचा कार्यक्रम आखण्यापूर्वी किमान एक आठवडा प्रसूतिकक्षात उभे राहून पाहावे. सकाळच्या पाळीत पाहून भागत नाही; निदान दोन रात्री तरी पाहाव्यात. ही तपासणी नाही, हे आधीच सर्वांना स्पष्ट सांगावे, कारण वही घेऊन उभा असलेला वरिष्ठ दिसला की माणसे एरवी जे करीत नाहीत तेही करून दाखवतात. बाळ बाहेर येण्याच्या वेळी वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे यंत्र, आधीपासून सुरू होता का, अंबू बॅग हाताशी होती की कपाटात होती, मुदतपूर्व बाळाला लागणारा शून्य नंबरचा मास्क आहे का, पंखा बंद केला होता का, बाळाला कोरडे कोणी केले, ते आईच्या अंगावर किती वेळाने गेले आणि पहिले दूध कधी मिळाले, एवढ्या गोष्टी लिहून काढल्या तरी चित्र पुरेसे स्पष्ट होते.

त्यानंतर प्रत्येक त्रुटीपुढे एक प्रश्न लिहावा: ही माहितीची कमतरता आहे की साहित्याची? माझ्या मते निम्म्याहून अधिक प्रशिक्षणे या प्रश्नाचे उत्तर न शोधताच घेतली जातात. बाळाला कोरडे करण्यासाठी दोन टॉवेल लागतात हे सिस्टरला माहीत असते, परंतु धुतलेले टॉवेल स्टोअरमध्ये असतात, स्टोअरची चावी ज्यांच्याकडे असते ते संध्याकाळी घरी जातात, आणि रात्री बाळ आईच्या साडीच्या तुकड्याने पुसावे लागते. अशा ठिकाणी बाळाला कोरडे का करावे यावर तासभर व्याख्यान देणे हा त्या सिस्टरचा अपमान आहे. तिथे टॉवेलचा डबा प्रसूतिकक्षात हलवावा आणि चावीची दुसरी प्रत ड्युटीवरील सिस्टरकडे द्यावी. जे खरोखर कौशल्याच्या अभावामुळे राहते, त्यासाठीच सरावाचा वेळ वापरावा.

नवजात मृत्यूंची तीन मोठी कारणे म्हणजे मुदतपूर्व जन्म व कमी वजन, जन्मतः श्वास न घेणे आणि जंतुसंसर्ग. काय शिकवायचे याचा क्रम या तिन्हींवरूनच ठरवावा. सगळे एकदम हाती घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या गुणवत्ता सुधारणेच्या पद्धतीत एकच अडचण निवडणे, तिची कारणे शोधणे, छोटा बदल करून पाहणे आणि तो टिकवणे अशा चार पायऱ्या आहेत. आपल्याकडच्या छोट्या रुग्णालयांना ती पद्धत चांगली मानवते, कारण तिला वेगळा निधी लागत नाही. पहिली निवड अशी करावी की जिचा परिणाम महिन्याभरात डोळ्यांना दिसेल. ‘प्रत्येक बाळाचे तापमान जन्मानंतर एका तासाने मोजून केसपेपरवर लिहिणे’ ही सुरुवात मला सर्वांत सोपी आणि उपयुक्त वाटते.

पहिल्या मिनिटाचा सराव

सरावासाठी वेगळा हॉल, बॅनर किंवा चहापाण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा, पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर एकत्र असतात तेव्हाची दहा-पंधरा मिनिटे पुरतात. सरावाची बाहुली जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कौशल्य प्रयोगशाळेतून मागवावी आणि ती परत कुलूपबंद न करता प्रसूतिकक्षातच ठेवावी. सराव वर्गात टेबलावर न करता प्रत्यक्ष वॉर्मरवर, प्रत्यक्ष वापराच्या जागी करावा. म्हणजे मास्क कोणत्या ट्रेमध्ये आहे, सक्शनची नळी पोहोचते का आणि भिंतीवरच्या घड्याळात सेकंदाचा काटा आहे का, हेही त्याच वेळी कळते.

एका सिस्टरने बाळ हाताळावे, दुसरीने मदत करावी, तिसरीने मोठ्याने वेळ सांगावी. प्रसंग थोडक्यात सांगावा: बाळ बाहेर आले आहे, अंग ढिले आहे, रडत नाही. पहिल्या टॉवेलने डोके, पाठ, पोट आणि हातपाय कोरडे करायचे, तो ओला टॉवेल बाजूला टाकायचा, दुसऱ्या कोरड्या व गरम टॉवेलवर बाळ घ्यायचे. मान सरळ, किंचित मागे झुकलेली हवी; खांद्याखाली घडी घातलेले कापड ठेवले की ती तशी राहते. तोंडात स्राव दिसत असेल तरच आधी तोंड आणि मग नाक साफ करायचे. पाठीवरून दोन-तीनदा हात घासायचा. एवढ्यानेही बाळ श्वास घेत नसेल तर नाळ कापून त्याला वॉर्मरवर न्यायचे आणि जन्मापासून एक मिनिट पूर्ण होण्याच्या आत पिशवीने श्वास देणे सुरू करायचे. जे बाळ स्वतःहून रडते त्याची नाळ मात्र घाईने कापू नये. एक ते तीन मिनिटे थांबावे आणि तोवर बाळाला आईच्या पोटावर ठेवावे.

मास्क लावण्याची क्रिया बारकाईने शिकवावी, कारण बहुतेक वेळा चूक इथेच होते. मास्कची कड आधी हनुवटीवर टेकवावी, मग तो तोंड आणि नाकावर आणावा. डोळ्यांवर दाब येता कामा नये. अंगठा आणि तर्जनी मास्कभोवती अर्धगोल धरतात आणि उरलेली तीन बोटे जबड्याचे हाड वर उचलून धरतात. मग पिशवी दाबताना ‘श्वास’ आणि सोडताना ‘दोन, तीन’ असे मोठ्याने म्हणत राहिले की मिनिटाला ४० ते ६० श्वासांची गती आपोआप सांभाळली जाते. नवीन सिस्टरची नजर पिशवीवर खिळलेली असते. ती छातीवर आणावी लागते. छाती उचलली जाते की नाही, एवढाच त्या क्षणी प्रश्न असतो. उचलली जात नसेल तर काय करायचे याचा क्रम तोंडपाठ नव्हे, हातपाठ व्हावा: मास्क पुन्हा बसवावा, मानेची स्थिती सुधारावी, तोंड पाहून साफ करावे, तोंड किंचित उघडे ठेवावे, पिशवी थोडी अधिक दाबावी. शिकवणाऱ्याने मुद्दाम मान वाकडी ठेवून किंवा मोठा मास्क देऊन सराव घ्यावा, म्हणजे छाती न उचलली जाण्याचा अनुभव बाहुलीवर येतो आणि तो खऱ्या बाळावर पहिल्यांदा येत नाही.

तीस सेकंद परिणामकारक श्वास दिल्यावर नाळेच्या मुळाशी बोट ठेवून किंवा स्टेथोस्कोपने हृदयाचे ठोके पाहावेत. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात साध्या हवेनेच करावी. ऑक्सिजन जोडण्याच्या खटपटीत मिनिट वाया घालवू नये. छाती नीट उचलली जात असूनही ठोके मिनिटाला ६० पेक्षा कमी राहिले तर छातीवर तीनदा दाब आणि एक श्वास या प्रमाणात पुढचे काम दोघांनी मिळून करायचे असते. त्यासाठी दुसरा माणूस लागतो, आणि म्हणून प्रत्येक प्रसूतीच्या वेळी बाळासाठी वेगळी, प्रशिक्षित व्यक्ती खोलीत हवी हा नियम कागदावर न ठेवता ड्युटीच्या तक्त्यात बसवावा. बाळाला उलटे धरणे, पाठीवर थापटणे, तोंडावर थंड पाणी मारणे या जुन्या सवयी कोठे उरल्या असतील तर त्या नाव न घेता, पण स्पष्ट शब्दांत बंद कराव्यात.

दर पाळीच्या सुरुवातीला अंबू बॅग तपासावी. मास्क तळहातावर घट्ट दाबून पिशवी दाबली की हाताला दाब जाणवला पाहिजे आणि सोडली की ती लगेच फुगली पाहिजे. यास अर्धे मिनिट लागते. ही नोंद ठेवण्यासाठी वॉर्मरजवळ दोरीला बांधलेली एक वही पुरे.

खान्देशातील थंडी आणि खान्देशातील ऊन

नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असायला हवे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या भागांत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाळ थंड पडू शकते हे कोणालाही पटते. परंतु मे महिन्यात, जेव्हा भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो, तेव्हाही नुकतेच जन्मलेले बाळ थंड पडते, हे मुद्दाम शिकवावे लागते. उकाड्याने हैराण झालेली बाळंतीण आणि घामाघूम झालेले कर्मचारी पंखा किंवा कूलर सुरू ठेवतात, आणि ओल्या अंगावरून वारा गेला की बाळाची उष्णता झपाट्याने उडून जाते. प्रसूतिकक्षाचे तापमान किमान २५ अंश ठेवावे, पहिल्या काही मिनिटांत बाळावर वारा येऊ देऊ नये, वॉर्मर बाळंतपणाच्या अर्धा तास आधी सुरू करावा, आणि पहिले स्नान किमान २४ तास लांबवावे. याउलट, त्याच मे महिन्यात पत्र्याच्या वॉर्डात टोपी, मोजे आणि दोन दुलयांत गुंडाळलेल्या बाळाला ताप येतो. अशा वेळी कपडे सैल करावेत, दूध वारंवार द्यावे. आणि तरीही तापमान ३७.५ च्या वर राहिले तर ते उन्हामुळेच आहे असे गृहीत न धरता जंतुसंसर्गाच्या दृष्टीने डॉक्टरांनी तपासावे.

थर्मामीटर प्रत्येक वेळी हाताशी नसतो, म्हणून स्पर्शाची परीक्षा सगळ्यांना, अगदी वॉर्डातील मावशींनाही, यायला हवी. हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचे तळपाय आणि मग पोट पाहावे. दोन्ही गरम असतील तर ठीक. पोट गरम पण पाय थंड असतील तर बाळ उष्णता गमावू लागले आहे. दोन्ही थंड असतील तर ते धोक्यात आहे, आणि त्या क्षणी ते आईच्या उघड्या छातीवर घेऊन वरून झाकावे व डॉक्टरांना बोलवावे. ही परीक्षा शिकवताना प्रत्येकाने स्वतःच्या हाताने तीन-चार बाळे पाहावीत आणि लगेच थर्मामीटर लावून आपला अंदाज पडताळावा. एका दुपारी हे काम होते आणि त्याचा उपयोग वर्षानुवर्षे होतो.

दूध आणि कांगारू पद्धत

पहिल्या तासात स्तनपान सुरू करणे हे सर्व सिस्टरना माहीत असते. अडचण येते ती सिझेरियननंतर, आणि घरच्या थोरांनी आणलेल्या घुटीच्या किंवा मधाच्या वाटीपाशी. सासूबाईंना दटावून उपयोग होत नाही. पहिले घट्ट, पिवळसर चिकाचे दूध प्रमाणाने थोडेच असते, कारण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही लहान असते. हे त्यांना शांतपणे सांगणारी एक सिस्टर प्रत्येक पाळीत असावी. जे बाळ ओढू शकत नाही त्याच्यासाठी आईला हाताने दूध काढायला शिकवावे आणि ते वाटी-चमच्याने द्यावे. हे काढणे जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरू करून दिवसातून किमान आठ वेळा, रात्रीही, व्हायला हवे. नाहीतर चार दिवसांनी ‘आईला दूधच नाही’ असे निदान होते आणि त्याला आपणच कारणीभूत असतो.

कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली, तीही इन्क्युबेटर अपुरे होते म्हणून. ती मोठ्या यंत्रांची कमतरता लपवणारी पर्यायी सोय आहे असा समज आजही काही डॉक्टरांच्या मनात असतो, आणि तो आता सोडायला हवा. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कमी वजनाच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवल्याने मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी झाले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी ही पद्धत जन्मापासूनच, दिवसातून ८ ते २४ तास, सुचवली.

आपल्या रुग्णालयात ती का होत नाही हे शोधायला गेले की कारणे फार साधी निघतात. पाठ टेकायला खुर्ची नाही, पडदा नाही, स्वच्छतागृह दूर आहे, आईला जेवण मिळत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सामान्य प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस आईच्या मोफत आहाराची तरतूद आहे. पण आजारी बाळ विशेष नवजात काळजी कक्षात पंधरा दिवस राहते आणि तोवर आईचा डिस्चार्ज झालेला असतो. मग ती रुग्णालयाच्या व्हरांड्यात राहते, दूध आटते आणि कांगारू पद्धत कागदावर उरते. बाळ दाखल असेपर्यंत आईलाही दाखल ठेवणे, तिला खाट आणि जेवण देणे, हा निर्णय वैद्यकीय अधीक्षकांच्या हातात आहे. तो घेतल्याशिवाय सिस्टरना कांगारू पद्धतीचे कितीही वर्ग दिले तरी त्यातून फारसे निघणार नाही. वडिलांनी किंवा आजीनेही बाळ छातीशी घ्यावे. आई जेवायला, अंघोळीला जाते तेव्हा ते फार उपयोगी पडते.

जंतुसंसर्गाविषयी थोडक्यात सांगतो, कारण येथे शिकवण्यापेक्षा सोय करणे महत्त्वाचे आहे. हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचा तक्ता लावण्याआधी नळाला चोवीस तास पाणी, साबण आणि कोरडे करायला कागद किंवा निर्जंतुक कापड आहे का ते पाहावे. प्रत्येक वॉर्मरशेजारी हात चोळण्याचे द्रावण ठेवावे. अंगठी, घड्याळ आणि बांगड्या कक्षात जाण्यापूर्वी काढण्याचा नियम डॉक्टरांनी आधी पाळावा. वरिष्ठ राऊंड घेताना हात धुतात की नाही हे सगळेच पाहत असतात. नाळेवर काहीही लावू नये, ती कोरडी ठेवावी.

बाळ पुढे पाठवताना

धडगाव, मोलगी किंवा तोरणमाळच्या बाजूने आजारी बाळ नंदुरबारला आणताना पावसाळ्यात दरड कोसळून चांदसैलीसारखा घाट बंद पडलेला असू शकतो. म्हणून त्या भागातील कर्मचाऱ्यांना बाळ पाठवण्याचे प्रशिक्षण इतरांपेक्षा अधिक द्यावे लागते. बाळ पाठवायचे ठरले की सर्वांत आधी गाडी बोलवण्याची घाई होते; गाडी बोलवावीच, पण ती येईपर्यंतच्या वेळात बाळाला ऊब द्यावी, श्वास पाहावा, शक्य असेल तर रक्तातील साखर तपासावी आणि काढलेले दूध द्यावे. प्रवासात बाळ आईच्या छातीशी कांगारू पद्धतीनेच बांधावे; रुग्णवाहिकेत यासारखी सोय दुसरी नाही. आईला मागे ठेवून बाळ एकट्या वडिलांबरोबर पाठवू नये. मुदतीपूर्वी कळा सुरू झालेल्या आणि गरोदरपणाचे २४ ते ३४ आठवडे झालेल्या मातेला पुढे पाठवण्यापूर्वी डेक्सामेथासोनचा पहिला डोस द्यायला हवा. बाळाच्या फुप्फुसांसाठी त्याचा मोठा उपयोग होतो.

पाठवण्यापूर्वी फोन करावा. जन्मवेळ, वजन, गरोदरपणाचे आठवडे, बाळाला काय दिले आणि शेवटचे तापमान एवढे पाच मुद्दे फोनवर आणि चिठ्ठीवर सारखेच सांगावेत. जिल्हा रुग्णालयातील कक्षाने दर महिन्याला उलट निरोप द्यावा: तुमचे अमुक बाळ आले तेव्हा तापमान किती होते, त्याचे पुढे काय झाले. माझ्या मते या उलट निरोपाइतके परिणामकारक शिक्षण दुसरे नाही, आणि त्याला खर्च फक्त एका फोनचा येतो. आपण पाठवलेले बाळ घरी गेले हे कळले की तालुक्यातील सिस्टर पुढचे बाळ अधिक काळजीने बांधते. आणि ते ३५ अंशांवर पोहोचले हे कळले की काय चुकले ते तिला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

तयार केलेल्या माणसाला सांभाळणे

विशेष नवजात काळजी कक्षाच्या प्रशिक्षणात चार दिवसांच्या वर्गानंतर दोन आठवडे मोठ्या कक्षात राहून काम शिकावे लागते. एवढे शिकून आलेली सिस्टर तीन महिन्यांत शस्त्रक्रिया विभागात किंवा बाह्यरुग्ण विभागात बदलून जाते, तेव्हा तो सगळा वेळ वाया जातो. नवजात कक्ष आणि प्रसूतिकक्षातील प्रशिक्षित परिचारिकांची अंतर्गत बदली किमान दोन-तीन वर्षे करू नये आणि करावीच लागली तर तिच्या जागी आलेल्या व्यक्तीबरोबर दोन आठवडे जोडीने ड्युटी लावावी. विशेष कक्षात प्रत्येक पाळीत तीन ते चार खाटांमागे एक परिचारिका हवी. रात्री बारा बाळांमागे एकच सिस्टर असेल तर तिने हात धुतले नाहीत म्हणून तिला जाब विचारणे अन्यायाचे आहे. कंत्राटी कर्मचाऱ्यांना पगार वेळेवर मिळणे हाही बाळाच्या काळजीचाच भाग आहे.

मार्गदर्शनासाठी जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ आणि एक अनुभवी परिचारिका यांनी महिन्यातून एकदा तालुक्याला यावे. परिचारिकेने परिचारिकेला शिकवलेले अधिक उतरते, म्हणून डॉक्टर एकटेच आले तर भेट अर्धीच झाली असे समजावे. भेटीत रजिस्टर तपासण्यात वेळ न घालवता एक प्रत्यक्ष प्रसूती किंवा एक बाळ एकत्र पाहावे, सराव घ्यावा आणि पुढच्या भेटीपर्यंत काय बदलायचे ते दोन ओळींत लिहून ठेवावे.

बाळ दगावले तर त्याचा आढावा घ्यावाच; बालमृत्यू अन्वेषणाची कार्यपद्धती केंद्राने २०१४ मध्येच घालून दिली आहे. प्रश्न तो कसा घ्यावा हा आहे. खापर कोणावर फोडायचे हे शोधण्यासाठी बैठक होते तेव्हा पुढच्या वेळी केसपेपर सुबक लिहिले जातात आणि खरे काही बाहेर येत नाही. बैठकीत घटनाक्रम मिनिटामिनिटाने मांडावा, कोणता उशीर घरी झाला, कोणता वाटेत आणि कोणता आपल्या दारात, ते वेगळे करावे, आणि आपल्या दारातल्या उशिरासाठी एक बदल त्याच दिवशी ठरवावा. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या सिस्टरशी वरिष्ठांनी मेमो देण्यापूर्वी स्वतः जाऊन बोलावे. हातात बाळ गेल्यानंतर ती दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच खोलीत एकटी उभी राहणार असते, आणि ती तिथे टिकावी अशी आपली इच्छा असेल तर तिचे दुःख आधी ऐकून घ्यायला हवे.

विजेच्या सुरक्षेचा सराव याच ठिकाणी सांगितला पाहिजे. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागली आणि दहा बालके दगावली. वॉर्मर, ऑक्सिजन आणि जुने वायरिंग हे आपल्याही कक्षांत शेजारी शेजारी आहेत. विजेच्या भाराची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी, आणि दर तीन महिन्यांनी दिवे बंद करून सराव घ्यावा: ऑक्सिजनची मुख्य झडप कोण बंद करेल, कोणते बाळ कोण उचलेल, कोणत्या दाराने जाईल आणि त्या दाराला रात्री कुलूप असते का. अंधारात बाहुल्या उचलून एकदा बाहेर नेल्या की कोणती खाट दाराच्या आड येते ते लगेच समजते.

आईच्या भाषेत, आणि घरी जाताना

कोल्हापूर किंवा मराठवाड्यातून नेमणूक होऊन आलेल्या सिस्टरला पावरी किंवा भिली कळत नाही आणि अहिराणीही पहिले काही महिने कानावरून जाते. ‘बाळ कसं शे, माय?’ एवढे विचारता आले तरी आईचा चेहरा मोकळा होतो. परंतु धोक्याची लक्षणे समजावण्यासाठी तेवढे पुरत नाही. स्थानिक आशाताई किंवा वॉर्डातील मावशींना त्या कामात सन्मानाने सोबत घ्यावे, आणि नव्या कर्मचाऱ्यांच्या पहिल्या आठवड्याच्या प्रशिक्षणात स्थानिक बोलीतील वीस-पंचवीस कामाची वाक्ये शिकवावीत. समजले का, असे न विचारता ‘घरी गेल्यावर काय पाहाल ते मला सांगा’ असे म्हणावे, म्हणजे किती पोहोचले ते कळते.

डिस्चार्जच्या वेळी आईला हे पाहायला सांगावे: बाळ दूध ओढेनासे होणे, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त चालणे, छाती आत ओढली जाणे, अंग गरम किंवा गार लागणे, झटके येणे, हाक-स्पर्शाशिवाय हालचाल न करणे, तळहात-तळपाय पिवळे होणे. यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

घरी गेलेल्या बाळाला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. घरोघरी जाऊन नवजात बाळ वाचवता येते हे गडचिरोलीतील डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या कामातून सिद्ध झाले आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. आजची ही योजना त्याच पायावर उभी आहे. रुग्णालयाने आपले काम दारापाशी संपले असे न मानता कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची माहिती डिस्चार्जच्याच दिवशी त्या गावच्या आशाताईंना फोनवर द्यावी. नंदुरबार आणि धुळ्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात डिस्चार्ज देताना कुटुंब पुढच्या महिन्यात कोठे असेल हे विचारून घ्यावे, बाळाचे वजन, दिलेल्या लसी आणि पुढच्या लसीची तारीख कार्डावर ठळक लिहावी, त्यावर आपल्या प्रसूतिकक्षाचा रात्रीही उचलला जाणारा फोन क्रमांक घालावा, आणि ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आईच्याच हातात द्यावे.